शिट्टीच्या खालचा आवाज

ज्यांच्या कानात सतत आवाज येतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या येत नाही, पण जे कानाला हेडफोन लावून बसतात, त्यांनीही वाचावं. मी चौथी शिकले आहे. डॉक्टरकी मला कळत नाही. माझ्या उजव्या कानाचं काय झालं आणि डाव्याचं काय होऊ घातलं होतं, तेवढं मात्र मला नीट माहीत आहे. कारण त्या दिवसांत माझ्याजवळ ऐकणारा असा एकच कान उरला होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने मारायला निघाले होते.

जिनातलं काम

आम्ही अकोल्यात राहायचो, जठारपेठेच्या मागच्या अंगाला. माझे यजमान, म्हणजे आमच्या मुलीचे, शांताचे बाबा, मालधक्क्यावर हमाली करायचे. मी दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, जायची. एका लांब टिनाच्या शेडमध्ये सरकी काढायची यंत्रं दोन रांगांनी लावलेली असत. आम्ही बाया त्यांच्या तोंडात कापूस घालायचो. भोंगा झाला की पट्टे फिरायला लागत, आणि मग सुट्टीपर्यंत माणसाचा आवाज कोणाला ऐकू यायचा नाही. आम्ही हातांनी आणि ओठांनी बोलायचो. शिव्यासुद्धा ओठांनीच द्यायचो आणि त्या बरोबर पोहोचायच्या.

कामावर आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे समोरची रुई घ्यायची, तेलाचं बोट लावायचं, बोळा वळायचा आणि दोन्ही कानांत कोंबायचा. हे कोणी शिकवलं नव्हतं. सगळ्या करत, म्हणून मी करायची. ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिनेच मला खड्ड्यात घातलं.

घरी गेल्यावर कान भरलेले वाटायचे. सकाळपर्यंत मोकळे व्हायचे. आम्ही बौद्ध झालो त्या दीक्षेनंतरचा दुसरा-तिसरा हंगाम असेल, एका सकाळी ते मोकळे झाले नाहीत. उजव्या कानात बारीक शिट्टी होती. रेल्वेच्या यार्डात इंजिन नुसतं उभं असलं की वाफेची जशी सूं लागलेली असते, तशी. मला वाटलं, खरंच इंजिन उभं असेल. दुपारी वाटलं, अजून गेलं कसं नाही. तेव्हापासून ते उभंच आहे.

कळलं तो दिवस

पुढच्या हंगामात उजव्या बाजूने कोणी बोललं तर मला कळेनासं झालं. सासू म्हणायची, सून माजली, ओ देत नाही. शेवटी शांताच्या बाबांनी एक दिवसाची मजुरी सोडली आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानातला मळ काढला. दोन दातांचा लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. डाव्या कानाला तो छान ऐकू आला. उजव्याला जवळजवळ काहीच नाही.

डॉक्टर हात धूत धूत म्हणाले, यंत्राच्या आवाजाने नस गेली आहे. ऐकू येणं परत येणार नाही. मी विचारलं, मग ही शिट्टी? ते म्हणाले, ती राहील.

एवढंच. औषध नाही, सुई नाही. मला वाटलं होतं की कडू काहीतरी पाजतील, पथ्य सांगतील. पथ्य सांगितलं असतं तर मी पाळलं असतं. माणसाला आजार झाला की करायला काहीतरी लागतं. डॉक्टरांनी मला करायला काहीच दिलं नाही, आणि मग मी आपल्या मनाने करायला लागले.

बाहेर आल्यावर शांताचे बाबा पायरीवर बसून विडी ओढत होते. मी सांगितलं. त्यांनी विडी विझवली आणि विचारलं, "दुसरा कान हाये ना?"

"हाये," मी म्हटलं.

"मंग चाल."

त्यांचं मन वाईट नव्हतं. आमच्याकडे असंच मोजतात. एक बैल मेला तर दुसरा आहे का ते आधी पाहतात, रडणं नंतर.

नामदेवने आणलेली वस्तू

नामदेव माझा धाकटा दीर. आमच्यातच राहायचा. तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि टाकाऊ भागांतून त्याने घरी एक सेट जोडला होता. त्याला पेटी नव्हती, आतले दिवे उघडेच दिसायचे. सासू त्याला नामदेवाची चूल म्हणायची.

शिट्टीने मी चिडचिडी झाले होते. घर शांत झालं की ती वाढल्यासारखी वाटायची. शांताला दोनदा विनाकारण मारलं. नामदेवने ते पाहिलं आणि दुकानातून एक हेडफोन आणला. लष्कराच्या लिलावातला जुना माल होता. दोन काळ्या जड वाट्या, वर चामड्याचा पट्टा, कापडाने मढवलेली दोरी. म्हणाला, "वैनी, हे लावा. गाणे ऐका. शिट्टीचं भान राह्यत नाई मंग."

मी ते डोक्यावर चढवलं आणि गाणी ऐकली. गाणं चालू असताना बरं वाटायचं, पण दोन ओळींच्या मधे जागा असते, त्या जागेतून शिट्टी डोकवायची. दोन गाण्यांच्या मधे तर ती पूर्ण बाहेर यायची. मी स्टेशन बदलायची खुंटी फिरवत बसले. फिरवता फिरवता काटा दोन स्टेशनांच्या मधे आला. तिथे कोणीच बोलत नव्हतं, नुसती खरखर होती. कढईत पोहे भाजल्यासारखी. त्या खरखरीत शिट्टी दिसेनाशी झाली.

मग मी तीच ऐकायला लागले. भाकरी झाल्या, भांडी झाली की कोपऱ्यात बसायचं आणि खरखर ऐकायची. सासू समोर येऊन उभी राहायची.

"काय लागलं आज?"

"काई नाई लागलं."

"मंग ऐकतं काय तू?"

"थेच."

तिने शेजारणीला सांगितलं की आमची सून काहीच नाही ते कान देऊन ऐकते. शेजारीण म्हणाली, मग स्वस्तात पडते.

हेडफोन लावायच्या आधी मी रुईचे बोळे घालायची. आता वाचणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटेल. पण आवाजापुढे बसायचं म्हणजे कानात रुई, हे माझ्या हाताला माहीत होतं. शिवाय त्या वाट्या कानाला टोचायच्या, बोळ्याने मऊ लागायचं. आणि बोळा असला की कानाला काही होत नाही, असा आम्हा सगळ्याजणींचा समज होता. बोळ्यामुळे खरखर कमी ऐकू यायची, म्हणून मी आवाज वाढवायची. आमच्या जिनातल्या कोणत्याही बाईने हेच केलं असतं. भिंत बांधायची आणि मग भिंतीपलीकडून ऐकू यावं म्हणून ओरडायचं, असा तो प्रकार होता. पण तो ओरडा भिंतीतून आत येतच होता, हे मला समजलं नाही.

शिट्टी थांबली

एका संध्याकाळी बराच वेळ ऐकून मी हेडफोन काढला, बोळे काढले आणि शिट्टी नव्हती.

दोन वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची की कानात बोटं घातली की आतून आवाज येतो, तो आवाज म्हणजे जीव. तो यायचा बंद झाला की माणूस थोड्या दिवसांचा सोबती. आम्ही पोरीबाळी खेळता खेळता बोटं घालून पाहायचो आणि आवाज आला की हसायचो.

मी दोन्ही बोटं घातली. काहीच नाही. बोळ्यांनी आणि त्या खरखरीने कान इतके बधिर झाले होते की आतलं काही येत नव्हतं. सासू चुलीपाशी होती. तिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. शांताचे बाबा म्हणाले, दीक्षा घेतली तेव्हा असल्या गोष्टी सोडल्या ना आपण. सासू म्हणाली, "देव सोडले बापा. कान थोडीच सोडले."

तिने स्वतः माझे हात धरून पुन्हा बोटं घालायला लावली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी मान हलवली. तव्यावरची पहिली भाकरी तिने काढली, वर तेल घातलं, चटणी ठेवली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. पुरुष अजून जेवायला बसायचे होते. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिली भाकरी मला कधी मिळाली नव्हती. ताट पाहून मला खरी भीती वाटली. नामदेव हसला नाही, तेव्हा जास्त वाटली.

मी अर्धी भाकरी खाल्ली असेल. शिट्टी परत आली. आधी बारीक, मग होती तशी. मी सासूला म्हटलं, आली.

"आली?"

"आली."

"मंग ऊठ," ती म्हणाली, "अन् बाकीच्याइले वाढ."

घरातले सगळे हसले. मीही हसले. पण एक गोष्ट माझ्या मनात बसली आणि ती मी कोणाला सांगितली नाही. मोठ्याने ऐकलं की नंतर थोडा वेळ शिट्टी जाते. मरण काही येत नाही, नुसती शांतता येते. त्या शांततेची मला चटक लागली.

चढत गेलं

दारूवाल्याचं जसं होतं तसं झालं. पहिल्यांदा आवाजाची खुंटी एवढीशी फिरवली तरी शांतता मिळायची. मग जास्त फिरवावी लागली. मग जास्त वेळ बसावं लागलं. आणि मिळणारी शांतता दर वेळी आखूड होत गेली. भाकरी अर्धी होईपर्यंत टिकायची, ती पुढे पुढे हेडफोन भिंतीवर अडकवेपर्यंतही टिकेना. परत येणारी शिट्टी आधीपेक्षा जाड असायची. जिनातून आले की हेच, सुट्टीच्या दिवशी दुपारपासून हेच.

घरात भांडणं व्हायला लागली. शांताचे बाबा बोलत आणि मी भलतंच उत्तर देई. डावा कान चांगला आहे, असं मी सगळ्यांना सांगायची. पण आता डाव्या बाजूने बोललेलंही मला अर्धंच कळत होतं. 'स' आणि 'श' गळायला लागले होते. शांताने मांडीवर बसून शाळेतलं पाठ म्हटलं तर नुसते तिचे ओठ हलताना दिसायचे. ओठ वाचायची सवय जिनात लागली होती, म्हणून मी निभावून नेत होते. स्वतःलाही फसवत होते.

एका रविवारी मी पाणी भरायला उठले आणि हेडफोन चालूच ठेवून पाटावर ठेवला. शांताच्या बाबांनी तो कधी हातातही धरला नव्हता. त्या दिवशी काय मनात आलं, त्यांनी उचलून कानाला लावला. मी दारातून पाहत होते. डोक्यावर कोणी काठी घालावी तसे ते मागे गेले आणि हेडफोन भिंतीवर आपटला. धक्क्यावर वॅगन जोडतात तो आवाज रोज ऐकणारा माणूस, त्याने दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते.

मला काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ओठ वाचले. "हे ऐकतं तू? हे?"

त्यांनी विळा घेतला आणि दोरी कापली.

मी रडले नाही. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. सासूने मला धरलं. त्या घरात मी नवऱ्यावर हात उचलायला गेले ती तेवढीच एकदा. शांता कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी मी नामदेवच्या दुकानात गेले, त्याला दोरी जोडून मागितली, आणि त्याने दिली. त्याला वाटलं, वहिनीचं तेवढंच सुख आहे. घरी सगळे बाहेर असतानाच हेडफोन लावायचा, असं मी ठरवलं.

कान पिकला

तेलाचा बोळा, वर घट्ट वाटी, आणि उन्हाळ्याचा घाम. उजवा कान आतून सुजला. पाणी यायला लागलं, मग पू. सासूने लसूण घालून कढवलेलं तेल सोडलं. त्यानंतर मला जबडा उघडता येईना. ताप चढला. उठून उभी राहिले की घर फिरायचं. तरीही डाव्या कानाला मी वाटी धरायचीच, पडल्या पडल्या.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की अमरावतीला न्या, तिथे कानाचे वेगळे डॉक्टर आहेत. नामदेव आणि शांताचे बाबा दोघं घेऊन गेले. गाडीत मी नामदेवच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा फलाटावर इतकी माणसं होती, सगळ्यांची तोंडं हलत होती, आणि मला फक्त शिट्टी ऐकू येत होती. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की डावाही गेला असेल तर.

इस्पितळात

बायकांच्या खोलीत मला भिंतीकडची खाट मिळाली. सकाळी झाडणारी यायची, मग पेनिसिलिनची सुई, मग नर्स कान कापसाने पुसून आत औषधाची पट्टी घालायची. दुपारी वरण-भात. संध्याकाळी पुन्हा सुई. सुई टोचणारी नर्स केरळची होती, तिला मराठी येत नव्हतं. मला ऐकू येत नव्हतं. आमचं छान जमलं.

शेजारच्या खाटेवर हिवरखेडची चंद्रभागा होती. तिचा कान लहानपणापासून वाहायचा आणि कोणी कधी मनावर घेतलं नव्हतं. पू आत हाडापर्यंत गेला होता. ती माझ्या वयाची, बोलायला तोंडाळ. मी डावा कान तिच्याकडे करून बसायची आणि ती मुद्दाम मोठ्याने बोलायची. ती म्हणायची की हिवरखेडात कान फुटला तरी कापूस वेचायला जावंच लागते, कापूस काही कानाने वेचायचा नसतो.

एका सकाळी तिला ऑपरेशनला नेलं. जाताना म्हणाली, "माह्या डब्यातले लाडू खाशीन नको. मोजून ठेवले हायेत."

परत आणली तेव्हा डोक्याला मोठं बांधलेलं होतं. दोन दिवसांनी पट्टी थोडी सोडली आणि ती माझ्याकडे पाहून हसली. तोंडाची एकच बाजू हसली. दुसरी जागेवर राहिली, डोळाही मिटेना. तिला माहीत नव्हतं. मी तिला काय झालं ते सांगितलं नाही. तिने आरसा मागितला, तेव्हा मीही दिला नाही, नर्सनेही नाही. मग तिने औषधाच्या पेल्यात स्वतःला पाहिलं. त्यानंतर ती माझ्याशी फार बोलली नाही. लाडू मात्र तिनेच माझ्या खाटेवर ठेवले.

त्या दिवसापासून मी नर्सचा हात कधी झटकला नाही. कान साफ करताना कितीही दुखलं तरी.

डॉक्टरांनी काय सांगितलं

ताप उतरला, सूज ओसरली, तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. ते कमी बोलणारे, उतारवयाचे गृहस्थ होते. तोच लोखंडी चिमटा, पण त्यांच्याकडे चार-पाच होते, लहानमोठे. मोठा वाजवला, डाव्याने ऐकला. लहान वाजवला.

त्यांच्या हातातला चिमटा थरथरताना मला दिसत होता. ऐकू येत नव्हता.

त्यांनी पुन्हा वाजवला. मी शांताच्या बाबांकडे पाहिलं. त्यांना येत होता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

डॉक्टरांनी विचारलं, जिनात इतके हंगाम काढूनही अकोल्याला चांगला निघालेला कान आता असा कसा झाला. शांताच्या बाबांनी हेडफोनचं सांगितलं. डॉक्टरांनी तो आणायला लावला. नामदेवने पुढच्या खेपेला आणला. त्यांनी वाट्या उलटसुलट करून पाहिल्या, बोळ्याचं विचारलं, आणि मग विचारलं, "खुंटी किती फिरवायची, हे तू कशावरून ठरवायचीस?"

मी म्हटलं, दोन्ही कानांना सारखं ऐकू येईपर्यंत.

त्यांनी कागद न घेता, साध्या शब्दांत सांगितलं. तुझा उजवा कान मेलेला आहे. त्याला जागं करायचं म्हणून तू आवाज वाढवत गेलीस. मेलेल्याला मार लागत नाही. तो सगळा मार रोज डावा खात होता.

मी विचारलं, "डावा राहीन का, साहेब?"

"गेलं ते गेलं. उरलेलं राहील की नाही, ते तुझ्या हातात आहे. माझ्या नाही."

मला वाटलं ते आता हेडफोन फेकून द्या म्हणतील. शांताच्या बाबांना तेच हवं होतं. डॉक्टर म्हणाले, फेकू नका. अगदी शांततेत बसलीस तर शिट्टी तुला खाईल, आणि तू पुन्हा चोरून काहीतरी करशील. खरखर ऐक. पण ती शिट्टीच्या खाली राहिली पाहिजे. शिट्टी ऐकू येत राहिली पाहिजे, आणि तिच्याबरोबर खरखर. दोघी शेजारी बसल्यासारख्या. शिट्टी बुडाली की समज, जास्त झालं. शांतता मिळवायला जाऊ नकोस. ती शांतता म्हणजे कान बरा झाला असं नाही, तो मार खाऊन पडला आहे.

मग नामदेवला म्हणाले, उजव्या वाटीची तार काढून टाका.

जिनाचंही त्यांनी सांगितलं. शेडमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही.

घरी आल्यावर

खरं आजारपण घरी आल्यावर सुरू झालं. कारण इस्पितळात दुसरे लोक माझी काळजी घेत होते, आणि इथे मला स्वतःवर पहारा ठेवायचा होता.

नामदेवने तार काढली. शांताच्या बाबांनी रेडिओच्या खुंटीवर विळ्याने एक खूण केली आणि म्हणाले, याच्या पुढे गेली तर सेट विहिरीत. मी खुंटी त्या खुणेवर ठेवून ऐकून पाहिलं. शिट्टी जशीच्या तशी ऐकू येत होती. खरखर तिच्यापुढे भिकाऱ्यासारखी. मला वाटलं, याचा काय उपयोग. हात खुंटीकडे जायचा. सासू समोर बसून वाती वळायची, खरं म्हणजे माझ्या हातावर नजर ठेवायची. पहिले काही आठवडे मी तिला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या.

जिनाच्या मुकादमाकडे मी स्वतः गेले. त्याला म्हटलं, शेडमध्ये येणार नाही, आवारात कापसातली कचरा-कवडी, खराब बोंडं वेचायला ठेवा. मजुरी कमी होती. तो म्हणाला, बहिरी झाली म्हणून सगळ्या बाया बाहेर बसवल्या तर आत कोण. मी म्हटलं, तो तुमचा प्रश्न. ठेवलं त्याने.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी डाव्या कानात शिट्टी लागली. आतापर्यंत ती उजवीकडे होती. आता दोन झाल्या, एक जाड, एक बारीक. मी अंगणात झाडत होते. झाडू तसाच धरून उभी राहिले. उजव्याची सुरुवात अशीच झाली होती. घरात कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी हेडफोन बंद केला आणि रोज दुपारी आवाराच्या भिंतीला टेकून बसून, आदल्या दिवशी जे ऐकू येत होतं ते आज येतं का, हे तपासायला लागले. सायकलची घंटी. बादलीची कडी. कोणी कुजबुजलं तर. हे तपासणंही एक रोगच आहे. शेवटी शांताच्या बाबांनीच ओळखलं आणि पुन्हा अमरावतीला नेलं.

डॉक्टरांनी सगळे चिमटे वाजवले. म्हणाले, आधी जेवढं होतं तेवढंच आहे. कमी नाही झालेलं. ही शिट्टी जुन्या माराची आहे, उशिरा आली. हेडफोन बंद करू नकोस, तपासणं बंद कर.

मी विश्वास ठेवला नाही. पण केलं तसं. पुढचे दोन हंगाम गेले आणि कान तिथेच राहिला. तेव्हा ठेवला.

म्हणून सांगते. हेडफोन लावलेला असताना समोरचा माणूस साध्या आवाजात बोलला आणि कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. एक कान कमी असेल तर खुंटी चांगल्या कानाच्या मापाने फिरवा. वाटीखाली बोळा, तेल, काही घालू नका. कान दुखत असेल, वाहत असेल तर लावूच नका आणि घरचं तेल सोडू नका, दाखवा. लावून झोपू नका. मधे मधे काढून ठेवा आणि काढल्यावर शिट्टी गेली असेल तर खूश होऊ नका. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर माझ्यासारखा दुसरा हंगाम येईपर्यंत थांबू नका. शिट्टी जाईल असं मी कोणाला सांगणार नाही. माझी गेली नाही. तिच्याबरोबर संसार झाला.

नामदेव

नामदेवने पुढे स्वतःचं दुकान टाकलं. दिवसभर हेडफोन लावून सेट तपासायचा. गर्दीच्या रस्त्यावर दुकान, म्हणून पूर्ण आवाजावर. मी त्याला जाता येता टोकायची. तो म्हणायचा, "वैनी, तुमचं जिनानं झालं. माहं तं कामच हाये."

साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी, पोळ्याच्या आसपास तो एका दुपारी घरी आला. शांताचं लग्न ठरलं होतं, मला वाटलं त्याबद्दल बोलायचं असेल. चहा घेतला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वैनी, तुमची थे शिट्टी. सुरू झाली तवा कशी होती?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागले. दूर उभ्या इंजिनासारखी, म्हटलं, आधी एकाच बाजूने, आणि सकाळी जास्त. आता काय करायचं, काय करायचं नाही, तेही सांगितलं. तो डावा कान माझ्याकडे वळवून मान हलवत होता. माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. ते पाहणं मी ओळखलं. जिनात आम्ही एकमेकींकडे तसंच पाहायचो.

"जरा जोरानं बोला ना," तो म्हणाला. "हळू हळू बोलून रायल्या तुमी."

मी हळू बोलत नव्हते.

मी पाट उचलला, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.